गाडीतली जागा आणि मस्के सर

श्री. विश्वंभर मस्के सरांची आणि माझी पहिली ओळख शाळेत झाली नाही, ती झाली नांदूरघाट–बीड एसटी गाडीत. बीडच्या शाळेत चित्रकला शिक्षिका म्हणून मी रुजू होणार होते आणि नेकनूरहून रोज ये-जा करायची होती. पहिल्याच दिवशी गाडी खचाखच भरलेली. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, काखेत ड्रॉइंग पेपरचं लांबलचक भेंडोळं, आणि वरचा दांडा धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. प्रत्येक वळणाला मी कुणाच्या तरी अंगावर जाऊन माफी मागत होते. तेवढ्यात पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, "बाई, ते भेंडोळं इकडं द्या."

"राहू द्या, तुम्हाला कशाला त्रास," मी म्हटलं.

"फुकट न्हाई धरत. माझ्या ह्या कुबड्या सारख्या घसरतायत. त्या तुमी धरा."

अशी देवाणघेवाण झाली. कुबड्या खाली नीट टेकवल्या की त्यांचाच आधार मिळतो, हेही मला त्या दिवशी समजलं. बीड येईपर्यंत ते माझं भेंडोळं मांडीवर घेऊन बसले आणि मी त्यांच्या कुबड्यांना धरून उभी राहिले. शाळेच्या फाटकाशी कळलं की ज्यांच्या नावाने दहावीची पोरं सकाळी सकाळी देवाला हात जोडतात ते गणिताचे मस्के सर हेच.

सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून त्यांचे विद्यार्थी आणि आम्ही सहकारी हा गौरवग्रंथ काढतो आहोत. सरांनी आधी साफ नकार दिला. मग समितीतल्या लोकांनी घरी जाऊन ठाण मांडलं तेव्हा म्हणाले, "बरं, काढा. पन पातळ काढा. जाड पुस्तक मानसं उशाला घेत्यात." तेव्हा हा लेख लांबला तर दोष माझा, सरांचा नाही.

लहानपणीच्या तापात सरांचे दोन्ही पाय गेले. नांदूरघाटच्या शेतकरी घरातला हा मुलगा आधी वडिलांच्या पाठीवर, मग कुबड्यांवर शाळेत गेला आणि गणित घेऊन पदवीधर झाला. ही हकीकत सांगताना वक्त्यांचे गळे दाटून येतात. सरांना त्याचा भयंकर राग. एकदा एका सत्काराला पाहुण्यांनी फार वेळ कंठ दाटून घेतला, तेव्हा सरांनी समोरचा पाण्याचा तांब्या शांतपणे त्यांच्याकडे सरकवला. आम्ही मागे बसून तोंडाला पदर लावून हसत होतो.

शिकवणं मात्र जबरदस्त. फळ्याच्या खालच्या निम्म्या भागातच ते लिहीत, कारण हात तेवढाच पुरे. त्यामुळे त्यांचं गणित कधी पसरट झालं नाही. पोरगा उत्तर घेऊन आला की पहिला प्रश्न, "उत्तर बरोबर हाय. रस्ता कुठाय?" मधल्या पायऱ्या गाळून कुणी उत्तरावर उडी मारली तर त्याची वही परत. कौतुकाच्या बाबतीत सर अत्यंत कंजूस. "चाललंय" हा त्यांचा सर्वोच्च पुरस्कार. तो मला इतक्या वर्षांत मोजक्याच वेळा मिळाला, आणि त्यातलाही एक चहाबद्दल होता. चहा त्यांना पाकासारखा गोड लागतो. डॉक्टर, वहिनी आणि मी, तिघांनी सांगून झालं. डॉक्टरांनी सांगणं सोडून दिलं, आम्ही अजून सांगतो.

माझ्यावरचा त्यांचा एक उपकार सांगते. शाळेच्या वऱ्हांड्यात मुलांची चित्रं लावायची पद्धत होती. आधीच्या सगळ्यांनी लावली तशी मीही खूप वर, स्टुलावर चढून लावली. सर खालून जाताना थांबले, मान मागे टाकून बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, हे देवासाठी लावलंय का? खाली लावा की. बुटक्यांना बी दिसू द्या." मी चित्रं खाली आणली. दुसऱ्या दिवशी पाचवीची मुलं वऱ्हाड आल्यासारखी त्या भिंतीशी जमली. ती चित्रं त्यांच्याच वर्गातली होती, पण भिंतीवर त्यांना ती पहिल्यांदाच दिसत होती. त्यानंतर आमच्या शाळेत काहीही उंचावर लागलं नाही, मुख्याध्यापकांचं वेळापत्रकसुद्धा. सरांची दृष्टी ही अशी आहे. स्वतःची अडचण सांगायला सुरुवात करतात आणि वाक्य संपेपर्यंत ती दुसऱ्याची झालेली असते.

आता गाडीतल्या जागेची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. शिवाय त्या गोष्टीचे निम्मे साक्षीदार आता वेगवेगळं सांगत फिरतात.

पन्नाशीच्या सुमारास सरांचे खांदे कुरकुरायला लागले. कुबड्या सुटल्या आणि चाकांची खुर्ची आली. खुर्ची शाळेत छान चालायची, पण गाडीत चढायची कशी? दोघं खुर्ची उचलायचे, दोघं सरांना. खुर्ची मग टपावर जायची किंवा मागच्या सीटवर पोत्यांमध्ये. रोज सकाळी चार माणसांचे उपकार घेऊन दिवस सुरू करायचा म्हणजे काय ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. जिल्ह्यात काही नव्या गाड्या आल्यात, त्यांच्या रुंद दाराला उताराची फळी आहे आणि आत खुर्चीसाठी पट्ट्यासकट मोकळी जागा आहे, असं कळलं. तशी एक गाडी आपल्या रस्त्यावर मिळावी म्हणून सरांनी हेलपाटे सुरू केले. अर्ज, भेटी, पुन्हा अर्ज. गणिताचाच माणूस, एकही पायरी गाळली नाही. अखेर गाडी मिळाली.

त्या दिवशी नांदूरघाटला नारळ फुटला. गुलाल उधळला. माजी सभापती अण्णांनी भाषण केलं आणि सर स्वतः चाकं फिरवत, कुणाचाही हात न लागता, फळीवरून गाडीत चढले. नेकनूरला मी चढले तेव्हा सर खिडकीशी, खुर्चीत, पट्टा लावून बसले होते आणि कपाळाला गुलाल होता. "कसं काय सर?" मी विचारलं. म्हणाले, "चाललंय." पण डोळे भरलेले होते. माझेही भरले.

इथवर सगळं छान. पुढची चूक आमच्या लोकांनीच केली. तशी चूक आमचेच लोक करू जाणोत, कारण ती त्यांनी प्रेमापोटी केली.

गाडीचे वाहक आश्रुबा. सरांचे जुने विद्यार्थी. सरांच्या हातचा मार खाऊन गणितात कसेबसे पास झालेले, त्यामुळे सरांवर त्यांची भक्ती अफाट. त्यांनी ती मोकळी जागा देवघरासारखी जपायला सुरुवात केली. तिथे दुधाचा कॅन ठेवायचा नाही, पिशवी टेकवायची नाही, उभंही राहायचं नाही. खिडकीवरच्या खुर्चीच्या चित्राखाली कुणीतरी रंगाने "मस्के सर" असं लिहून टाकलं. दसऱ्याला तिथे झेंडूची माळ लागली. सर सुट्टीवर असले तरी जागा रिकामी. लोक एकमेकांच्या पायावर उभे राहून घाटातून यायचे, पण त्या रिकाम्या चौकोनात पाऊल टाकायचे नाहीत. कुणी नवखा चुकून तिथे उभा राहिलाच, तर गाडीभर आवाज उठायचा, "ओ पाव्हणं, सरांची जागा हाय ती!"

सरांना हे ठाऊक होतं. नंतर त्यांनी मोकळेपणी कबूल केलं, "मला बी गोड लागलं ते, बाई. जल्मभर लोकांनी वाट दिली ती कीव करून. पहिल्यांदाच कुनी मान म्हनून दिली." खोटं कशाला सांगू, त्यांना गोड लागलं याचं मला बरंच वाटलं होतं.

एका मंगळवारी सर तापाने घरी होते. मी नेकनूरला पुढच्या दाराने चढले आणि गर्दीने मला थेट मध्ये ढकललं. रुंद दाराशी काहीतरी बाचाबाची ऐकू आली. टाचा उंच करून पाहिलं तर खाली एक तरुण बाई, तिच्यापुढे बाबागाडी. आमच्या भागात बाबागाडी म्हणजे सिनेमातलं वाहन. तिच्यात एक तान्हं मूल आणि त्याच्या दोन्ही पायांना मांडीपर्यंत पांढरं प्लास्टर. बाई म्हणत होती, "दादा, बीडला पलस्तर बदलायचं हाय, ह्ये चढू द्या." आणि आश्रुबा म्हणत होते, "ती जागा सरांची हाय बाई. तिथं गाडी लावता येत न्हाई."

"अहो आश्रुबा, सर आज आलेलेच नाहीत!" मी गर्दीतून ओरडले.

"मॅडम, न्हाई आले म्हनून काय झालं? जागा तर त्यांचीच हाय ना!"

घंटी वाजली आणि गाडी निघाली. बाई खाली राहिली, जागा वर रिकामी राहिली. मी बीड येईपर्यंत आश्रुबांशी भांडले. ते अतिशय नम्रपणे भांडले, त्यामुळे माझा संताप आणखीच वाढला.

शाळेतून मी सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं, "पाय वाकडे हायेत का लेकराचे?" मी म्हटलं, "असावेत." सर म्हणाले, "मग ते पलस्तर दर आठवड्याला बदलतेत. वेळेत केलं तर पाय सरळ होतेत, पार चांगले. टाळाटाळ झाली की राहिलंच." आणि फोन ठेवला.

ती बाई शिवकन्या. नेकनूरपासून आत, माळावरच्या वस्तीवर राहणारी. घरात मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. मुलगा गणू जन्मतःच दोन्ही पावलं आत वळलेली घेऊन आला होता. प्लास्टरमुळे तो कडेवर बसेना, आणि वस्तीपासून रस्त्यापर्यंत, पुढे बीडच्या स्टँडपासून दवाखान्यापर्यंत तेवढं ओझं हातावर नेणं एकटीला जमेना. म्हणून पुण्यात राखणदारी करणाऱ्या तिच्या दिराने तिथल्या एका घरातून जुनी बाबागाडी आणून दिली होती. त्या मंगळवारी दुसरी गाडी दुपारी आली, तोवर प्लास्टरची खोली बंद झाली होती. आठवडा वाया गेला. तिच्या सासूबाई सुंदराबाई म्हणाल्या, "पुरे झाले हेलपाटे. नशिबात असंल तसं चालंल." शिवकन्येने हातापाया पडून आणखी एक मंगळवार मागून घेतला. त्या दिवशीही गाडी मिळाली नाही तर विषय संपला, असं ठरलं होतं. हे सगळं मला पुढच्या मंगळवारी थांब्यावर कळलं, कारण सासूबाई स्वतः बरोबर आल्या होत्या आणि ज्याला त्याला ते ऐकवत होत्या.

गाडी आली. आज सर होते, आपल्या जागेवर. म्हणजे अडचण आणखी वाढलेली, कारण त्या चौकोनात खुर्ची आणि बाबागाडी दोन्ही मावणं अशक्य. आश्रुबांनी फळी टाकली खरी, पण गाडीतले लोक सुरू झाले. "सर बसलेत, दिसत न्हाई का?" "बाई, मागच्या गाडीनं ये." "कावून अडवून धरलंय? घंटी मारा!"

"आश्रुबा," सर म्हणाले. आवाज वर्गातला होता. "घंटी मारशील तर आधी मला खाली उतरव."

आश्रुबांनी घंटीच्या दोरीवरचा हात काढला.

"ही जागा कुनाची हाय?"

"सर, तुमची," आश्रुबा म्हणाले.

"चुकलं. पुन्हा सांग." मग सरांनी स्वतःच सांगितलं, "ज्याला चाकाबिगर चालता येत न्हाई त्याची हाय. मला येत न्हाई. त्या लेकराला बी येत न्हाई. आता दोघं कसं मावायचं ते बगा."

मग सुरू झाला बाबागाडीची घडी करण्याचा सोहळा. अशा गाडीची घडी होते, असं कुणीतरी पुण्याला पाहिलेलं होतं. शिवकन्येने लेकराला उचलून छातीशी धरलं आणि गाडीतले सगळे शहाणे त्या बाबागाडीवर तुटून पडले. एक फौजी होते, एक मोटार मेकॅनिक होते. अण्णांनी तर धोतर सावरत खाली उतरून एका दांडीला पाय लावला. मीसुद्धा एक कळ दाबून पाहिली, तर चाकच फिरलं आणि अण्णा बसले जमिनीवर. गाडीभर हशा. बाबागाडी मात्र जशीच्या तशी.

"आवो, मला येतंय की ते!" शिवकन्या अखेर कळवळून म्हणाली. "एक पाय लावला की मिटतंय. पन लेकरू धरनार कोन?"

तिचं खरं होतं. आम्ही सगळे त्या गाडीला झोंबत होतो, लेकरू धरायला एकानेही हात पुढे केला नव्हता. सासूबाईसुद्धा ह्या हेलपाट्यांवर रुसून हाताची घडी घालून उभ्या होत्या. बायका प्लास्टरकडे बघून जराशा मागेच सरकल्या होत्या. वाकड्या पायाचं मूल, कुणी जवळ घेत नव्हतं.

"आन इकडं," सर म्हणाले. "माझी मांडी रिकामीच असती."

शिवकन्या फळीवरून वर आली, पण सुंदराबाईंनी तिचा दंड धरला. खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्यांच्या मांडीवर नगं गं. त्यांचे पाय तसले, आपल्या लेकराचे आधीच हे असे..." खालच्या आवाजात असूनही ते सगळ्यांना ऐकू गेलं. आश्रुबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता सर संतापणार.

सर हसले. "मावशी, माझे पाय काही उडून बसत न्हाईत कुनावर. बसले असते तर ह्या आश्रुबाचे कवाच गेले असते, लई मारलाय मी त्याला. आनि दवाखाना बंद व्हायला किती वेळ राह्यलाय बगा."

सुंदराबाईंनी दंड सोडला. गणू सरांच्या मांडीवर आला, प्लास्टरचे पाय खुर्चीच्या हातावर टेकले आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर सरांच्या खिशातलं पेन ओढलं. शिवकन्येने एक पाय लावून बाबागाडी मिटवली. अण्णांनी आपली सीट सोडली, तिथे सासूबाई बसल्या आणि बाबागाडी सीटखाली गेली. गाडी निघाली. घाटातल्या वळणावर गणूला झोप लागली, पेन मुठीत तसंच. प्लास्टर वेळेवर झालं आणि पुढच्या मंगळवारी सासूबाईंनी हेलपाट्यांचा विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात सरांनी रॉकेलचा बोळा घेऊन खिडकीवरचं स्वतःचं नाव पुसून काढलं. मला म्हणाले, "बाई, आता तुमचं काम." आगारप्रमुखांची परवानगी घेऊन मी खुर्चीच्या चित्राशेजारी एक बाबागाडी आणि एक झोळी रंगवली. झोळी सरांनी सांगितली म्हणून, कारण बाबागाडी किती जणींकडे असणार? आणि गाडीत जो नियम रुळला तो सरांच्या शब्दांत असा: "खुर्चीची घडी होत न्हाई, म्हनून आधी खुर्ची. बाबागाडीची घडी होत असंल तर करायची, पन करनारीचं लेकरू कुनीतरी धरायचं. होत नसंल तर बोलायचं, भांडायचं न्हाई. आनि कुनीच नसंल तर जागा अडवून ठेवायची न्हाई, उभं ऱ्हायचं बिनधास्त."

सर उदार आहेत, पण भाबडे नाहीत. एकदा शहरातून माहेरी आलेली एक लेक मोठी बाबागाडी घेऊन त्या जागेवर उभी होती आणि हलायला तयार नव्हती. "मीही तिकीट काढलंय," म्हणाली. दुसरा कुणी असता तर मोठेपणा दाखवून खाली थांबला असता. सर फळीवरूनच म्हणाले, "ताई, तिकीट मी बी काढलंय. तुमच्या गाडीची घडी होती, माझ्या पायांची झालेलीच हाय, आनखी होत न्हाई. लेकरू द्या माझ्याकडं." ती आधी रागावली, मग हसली आणि बीडपर्यंत तिचं बाळ सरांच्या मांडीवर होतं. हक्क सोडणं म्हणजे चांगुलपणा नव्हे, हे मी सरांकडून शिकले.

हळूहळू गाडीतल्या आयाबायांनी सरांना मामा म्हणायला सुरुवात केली. दहावीची पोरं ज्यांना चळाचळा कापायची, त्यांच्या मिशा तान्ही मुलं ओढायला लागली.

गणूची प्लास्टरं संपली. मग दोन बुटांमध्ये पट्टी असलेले ते खास बूट आले. तेही घालून तो सरांच्या मांडीवर यायचा आणि त्या पट्टीने सरांच्या गुडघ्यावर ठोके द्यायचा. सर म्हणायचे, "मार. मला काय कळतंय तिथं!" पोरगं तिसऱ्या वर्षात आलं आणि एका सकाळी सुंदराबाई एकट्याच गाडीत चढल्या. सरळ सरांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "सर, लेकराचं जावळ काढायचंय. लिंबागणेशच्या देवाला नवस बोललेले हाव. मामा म्हनून तुमी बसायचं."

वाचकांना ठाऊकच आहे, जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर असावं लागतं. शिवकन्येला भाऊ नाही, सगळ्या बहिणीच.

सर गडबडले. सरांना गडबडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "मावशी, चुलत मामा असतील की कुनी."

"हायेत की. चांगले हट्टेकट्टे हायेत," सुंदराबाई म्हणाल्या. "पन त्यायनी कुठं धरलं?"

सरांनी मान डोलावली. बीडला उतरल्यावर, शाळेच्या वाटेवर, त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. सरांना दोन सख्ख्या बहिणी. दोघींच्या मुलांची जावळं निघाली तेव्हा मोठा मामा म्हणून मान सरांचा होता. पण जाणत्या माणसांनी ठरवलं की असल्या मांडीवर नको, आणि प्रत्येक वेळी धाकट्या भावाला बसवलं. सर मांडवाच्या कडेला कुबड्या घेऊन बसून होते. "कुनी वाईट न्हवतं हो बाई त्यात," सर म्हणाले. "पन लागलं होतं."

लिंबागणेशला मी गेले होते. देवळाच्या आवारात पाहुण्यारावळ्यांची गर्दी होती आणि खुर्चीतल्या माणसाकडे बघून कुजबुजही होती. सुंदराबाईंनी ती ऐकली. नातवाला उचलून त्यांनी स्वतःच्या हाताने सरांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मामा बसलेत. करा सुरू."

गणूने आकाशपाताळ एक केलं. वस्तरा लागू नये म्हणून सरांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं आणि त्याला पाढे म्हणून दाखवत होते, दुसरं काही येत नाही ना! केस सरांच्या शर्टावर, गालावर, मिशीत. जावळ संपलं, डोक्याला हळद लागली आणि गणू हुंदके देत मांडीवरून खाली सरकला. पावलं फरशीवर सपाट पडली, दोन्ही. तो खुर्चीच्या मागे गेला, तिचे दांडे वर हात करून धरले आणि पांगुळगाडा ढकलावा तशी खुर्ची ढकलू लागला. खुर्ची चालली! "ढकलतंय बगा, मामाला ढकलतंय!" बायका ओरडल्या. सरांचे हात चाकांवर होते आणि तेच ती हळूच फिरवत होते, हे मला दिसत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. आज लिहिते आहे, गणूला अजून वाचता येत नाही म्हणून.

सर निवृत्त झाले तरी मुलांचे मोफत वर्ग घ्यायला त्याच गाडीने बीडला येतात. गणू आता नेकनूरच्या अंगणवाडीत जातो आणि थांब्यावर सरांना भेटायला पळत येतो. हो, पळत. परवा आश्रुबा फळी टाकत होते तर त्यांना बाजूला सारून म्हणाला, "मामा, मी मोटा झालो ना, की तुला मीच वर चढविनार. ह्यांना न्हाई चढवू द्यायचं." सर म्हणाले, "बरं. मी थांबतो."

सरांना दीर्घायुष्य लाभो, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि चहातली साखर थोडी कमी होवो, ही माझी आणि शाळेतल्या सर्वांची मनापासून प्रार्थना. सर, गणूला मोठं व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. तुम्ही लेकराला थांबतो म्हणून शब्द दिला आहे, तेव्हा तुम्हाला थांबावंच लागेल.